इथे असं काही नाही

नवी सून घरात आली की सासू तिला आधी काय शिकवते, हे त्या त्या घरावर असतं. या घरात तिला नाही म्हणायला शिकवलं गेलं. दारात उभ्या राहिलेल्या, खांद्याला पिशवी आणि खिशाला पेन असलेल्या परक्या माणसाला नाही कसं म्हणायचं, याची सासूबाईंनी रीतसर तालीम घेतली होती.

"लगेच नाही म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "लगेच म्हटलं की संशय येतो. आधी त्याचाच प्रश्न त्याला परत विचारायचा. तो म्हणाला, इथे बटणं बनतात का, तर आपण म्हणायचं, बटणं? म्हणजे शर्टाला असतात ती? मग जरा विचार करायचा. केला नाही तरी चालेल, दिसला पाहिजे. आणि मग म्हणायचं, नाही बाई, इथे असं काही नाही."

"आणि नेमका तेव्हाच मागच्या खोलीतून मशीनचा आवाज आला तर?"

"तो येत नाही. ते इस्त्रीवाल्याकडे असतं."

मागच्या खोलीत लेथ होता. लाकडी दांडे त्यावर कातायचे, त्यांच्या चकत्या पाडायच्या, चकत्यांना चार-चार भोकं पाडायची, मग त्या भुशाबरोबर ड्रममध्ये फिरवून तेल लावायचं, की झाली कोटाची बटणं. लेथवर सुनेचा नवरा. भोकं पाडणं आणि शेवटचा पॉलिशपेपर मारणं सासूबाईंचं. सून आल्यावर तेलाचं काम तिच्याकडे आलं. घर या बटणांवर चालत होतं आणि ही गोष्ट कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण गल्ली राहत्या घरांची होती आणि राहत्या घरात मोटर बसवायला बंदी होती. सासऱ्यांनी धंदा काढला त्या दिवसापासून तो असून नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं टेबल. पिशवीवाला माणूस दिसला की तो इस्त्री खालच्या पत्र्यावर दोनदा आपटायचा. आत नवरा मोटर बंद करायचा, लेथवर चादर पडायची, आणि सासूबाई बटणांच्या पोत्यांवर गोधडी अंथरून आजारी पडायच्या. त्यांचा खोकला इतका जातिवंत होता की एक अधिकारी जाताना स्वतःच्या खिशातल्या खोकल्याच्या गोळ्यांची डबी ठेवून गेला होता. त्या डबीत आता ड्रिलची पाती असत. वरच्या मजल्यावरच्या मावशींना कोणी आवाजाबद्दल विचारलं तर त्या सांगायच्या, आमचे मिस्टर घोरतात. मिस्टर वारले त्याला बरीच वर्षं झाली, पण उत्तर बदलायचं कोणाला सुचलं नाही. विचारणाऱ्यालाही नाही.

सुनेला सुरुवातीला या खोटेपणाची लाज वाटली, मग गंमत वाटली, आणि मग तीही गोधडी एका झटक्यात अंथरायला शिकली.

बटणं जायची एका व्यापाऱ्याकडे. त्याच्याकडे एक पत्र्याचं गोदाम, गोदामावर गोदामापेक्षा मोठा बोर्ड, आणि आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक असल्याशिवाय माल देशाबाहेर जात नाही. त्यामुळे बटणं करायची या घरानं आणि परदेशात ती विकायची व्यापाऱ्यानं, 'आमच्या कारखान्याचं उत्पादन' म्हणून. बटणाला भोकं दोन असतात की चार, हे बघायला त्याला चष्मा शोधावा लागायचा.

एकदा परदेशातून कोट शिवणारी एक बाई कारखाना बघायचाच म्हणून हटून बसली. व्यापाऱ्याचा नाइलाज झाला. त्यानं तिला गाडीत घालून थेट इथेच आणलं, सासूबाईंना 'आमच्या जुन्या कामगार' म्हणून दाखवलं आणि सगळा वेळ स्वतःच बोलत राहिला. कोटवाली बाई मात्र सासूबाईंच्या बोटांकडे बघत होती. निघताना तिनं सुनेला खुणेनं विचारलं, संडास कुठे आहे. सून तिला मागे घेऊन गेली, तर बाईला संडास नकोच होता. तिनं आपलं कार्ड सुनेच्या हातात दाबलं आणि मोबाइलवर एक वाक्य लिहून, त्याचं भाषांतर करून दाखवलं: तुमचा स्वतःचा नंबर काढा, हिवाळ्याचे कोट कापायला घेण्याआधी काढा, मग मी तुमच्याकडूनच घेईन.

सुनेनं असं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा वाचलं होतं. संडासाच्या दाराशी उभं राहून वाचलं असलं तरी त्याची किंमत कमी होत नव्हती.

नवऱ्याला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, बघू. हा माणूस लाकूड सोडून सगळ्याच बाबतीत बघू म्हणायचा. सासूबाईंनी पुढची चकती ड्रिलला लावली. तेव्हा सुनेनं ठरवलं की आपणच बघायचं.

नोंदणीची कामं करून देणारा एक गृहस्थ बाजारात बसायचा. त्याला सगळे फायलवाले म्हणत. टेबलावर फायलींचे गठ्ठे एवढे की बोलताना त्याचं फक्त कपाळ दिसायचं. सुनेनं आवाज खाली आणून घरातल्या लेथबद्दल सांगितलं, तर गठ्ठ्याआडून तो म्हणाला, "मग? एवढं हळू का बोलताय?"

"राहत्या घरात मोटरला बंदी आहे ना."

"होती. छोट्या मोटरला आता परवानगीसुद्धा लागत नाही. नियम बदलला."

"कधी?"

"झाली की सहा-सात वर्षं."

सुनेनं कपाळाला हात लावला. सहा-सात वर्षं सासूबाई ऐन उन्हाळ्यात गोधडीखाली खोकत होत्या आणि ज्यांच्यासाठी खोकत होत्या त्यांना आता त्याचं काही देणंघेणंच नव्हतं. अलीकडे जे पिशवीवाले आले ते बहुधा पाण्याचे मीटर बघायला आले असणार. त्यांनाही गल्लीनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

पेढीच्या नावावरून घोडं अडलं. फायलवाल्याला 'ग्लोबल इंटरनॅशनल वर्ल्डवाइड' असं काहीतरी हवं होतं. सून म्हणाली, एका नावात जग तीनदा कशाला, आम्हाला एकदाच पाठवायचंय. तिनं 'बटणघर' लिहिलं. मालक म्हणून सासूबाईंचं नाव घातलं, कारण घर त्यांच्या नावावर होतं आणि पत्त्याचा पुरावा त्यांचाच होता. ते तिनं सगळ्यांना सांगितलेलं कारण. खरं कारण असं की त्या कोटवाल्या बाईनं पाहिली होती ती बोटं सासूबाईंची होती, आणि 'आमच्या जुन्या कामगार' हे शब्द सुनेच्या डोक्यातून जात नव्हते.

सासूबाईंनी सही केली. काय आहे, कशाला आहे, काही विचारलं नाही. पॉलिशपेपर खाली ठेवला, सही केली, पॉलिशपेपर उचलला.

"आता ऑफिसातून माणूस येईल हं आई, जागा बघायला," सून म्हणाली. "त्याला सगळं दाखवायचं."

"दाखवू की," सासूबाई म्हणाल्या.

तारीख काही कळवलेली नव्हती. सून बँकेत गेली होती, पेढीच्या खात्याचं पत्र आणायला. नवरा लाकूड बघायला गेला होता. दुपारची वेळ. ती परत आली तेव्हा गल्लीत एक वेगळंच वातावरण होतं. इस्त्रीवाला टेबलाशी छाती काढून उभा होता. तिला बघून तो म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका. सगळं व्यवस्थित झालं."

ती तशीच घरात धावली.

घरात सासूबाई गोधडीची घडी घालत होत्या. त्या कधी नव्हे त्या खुशीत होत्या.

"आज एक आला होता," त्या म्हणाल्या. "चिवट होता मेला. नाव घेऊन विचारत होता, बटणघर कुठे, बटणघर कुठे. गल्लीत एकेकाला धरून विचारलं त्यानं. इथे आत आला, खाली वाकून बघितलं. बटणं कुठे बनतात म्हणाला. मी म्हटलं, बटणं? म्हणजे शर्टाला असतात ती?"

"आणि?"

"आणि काय. घालवला."

सून मटकन पोत्यावर बसली. बटणं तिच्याखाली खुळखुळली.

"आई, तो आपला माणूस होता. नोंदणीचा. आपण बोलावलेला."

सासूबाईंच्या हातातली घडी तशीच राहिली. "तो? अगं, पिशवी होती त्याच्या खांद्याला. खिशाला पेन होतं."

"मग काय असायला हवं होतं?"

"मला वाटलं, गाडीतून येईल," सासूबाई म्हणाल्या. "आपण बोलावल्यावर येणारा माणूस वेगळा दिसत असेल असं वाटलं."

नोंदणीच्या ऑफिसात खिडकीपलीकडे एक बाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून कागद वाचला आणि मग सुनेकडे जरा आदरानंच बघितलं.

"पत्त्यावर असा कोणताही व्यवसाय आढळला नाही," त्या म्हणाल्या. "आमचा माणूस सात जणांना भेटला. सातही जणांनी एकच सांगितलं, इथे असं काही नाही. इतकं एकमत आम्हाला कुठे बघायला मिळत नाही हो. साधा पत्ता विचारला तरी लोक चार दिशा दाखवतात."

"ते चुकून झालं."

"सातही जणांचं?"

सुनेनं मग सगळं खरं सांगून टाकलं, इस्त्रीपासून गोधडीपर्यंत. बाईंनी ऐकलं. मागच्या टेबलावरच्या दोघांनीही काम थांबवून ऐकलं. शेवटी बाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा माणूस पाठवता येतो. एकदाच. तेव्हाही हेच झालं तर अर्ज बंद, आणि मग त्याच पत्त्यावर वर्षभर नवीन घेत नाही आम्ही. आणि एक. या खेपेला मालकानं स्वतः सांगितलं पाहिजे. सुनेनं सांगून चालणार नाही, मुलानं नाही. मालक कोण आहेत?"

"आमच्या सासूबाई."

"त्याच का खोकणाऱ्या?" बाईंनी कागदात बघून विचारलं.

वर्षभर थांबायला कोटवाली बाई काही बसून राहणार नव्हती. सुनेनं घरी येऊन गल्लीला उलटं शिकवायला घेतलं. आणि जिवाचा आटापिटा म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. एवढ्या वर्षांत लोकांना खोटं असं काही पाठ झालं होतं की खरं बोलताना त्यांची जीभ अडखळायची.

"समजा मी तो साहेब," ती इस्त्रीवाल्याला म्हणाली. "बटणघर कुठे आहे हो?"

"बटणघर?" इस्त्रीवाला म्हणाला. "म्हणजे..." मग थांबला. "वहिनी, असं एकदम नाही जमत. मला निदान थोडा वेळ माहीत नसल्यासारखं करू द्या. नंतर सांगतो."

"नंतर नाही. लगेच सांगायचं."

"मग माझं काय राहिलं?" तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. एवढी वर्षं तो नुसते कपडे दाबत नव्हता, गल्लीचं नाक होता. सुनेनं त्याला समजावलं की साहेबाला घरापर्यंत आणून सोडण्याचं काम त्याचंच. त्यावर तो जरा सावरला.

मावशींचं लवकर झालं. त्या म्हणाल्या, मिस्टर कधी घोरत नसत, उगाच त्या माणसाला बदनाम केलं, आता तेही सांगून टाकते.

राहिल्या सासूबाई. त्यांना तालीम द्यायची म्हणजे मोठंच संकट, कारण तालीम मुळात त्यांचीच. संध्याकाळी त्या ड्रिलशी बसल्या होत्या. एक चकती लावायची, दांडा खाली, भोक. चकती फिरवायची, दांडा खाली, भोक. सून शेजारी जाऊन बसली.

"आई, तो विचारेल, ही पेढी तुमची का? तुम्ही फक्त हो म्हणायचं. एवढंच."

"त्या फायलवाल्याला सांग, माझ्याऐवजी सुनेचं नाव घाल म्हणून."

"आता बदलता येत नाही. आणि मला बदलायचंही नाही."

सासूबाईंनी आणखी चार भोकं पाडली. मग ड्रिल बंद केलं.

"मला हो म्हणता येत नाही गं," त्या म्हणाल्या.

"असं काय करता? एक शब्द आहे."

"हे गेले तेव्हा नोंद करायला मीच गेले होते," सासूबाई म्हणाल्या. हे म्हणजे सासरे. सुनेनं त्यांना पाहिलेलं नव्हतं, भिंतीवरच्या फोटोत तेवढे माहीत. "खिडकीत एक माणूस. खिशाला पेन. नाव विचारलं, वय विचारलं, सांगितलं. मग म्हणाला, काय करायचे? आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, काही नाही."

सुनेनं फोटोकडे बघितलं.

"त्यानं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. आयुष्यभर लाकडाचा भुसा खाल्लेला माणूस. खोकला खरा त्यांना होता, मी त्यांचाच बघून शिकले. आणि त्यांच्या नावापुढे मी काय लिहायला लावलं, काही नाही. घरी आले तेव्हा कळलं मला काय बोलून बसले ते. परत जाऊन सांगायचं तर काय सांगणार, घरात लेथ आहे म्हणून? पहिला लेथ नेला होता ना सरकारी माणसांनी. चौघांनी उचलून हातगाडीवर घातला, आणि हे हातात कानस घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत मागे मागे गेले. एक शब्द बोलले नाहीत. दुसरा मी जाऊ देणार नव्हते." त्यांनी चकतीतला भुसा फुंकला. "तो राखला. पण ह्यांच्या बाबतीत नाही म्हटलं ते म्हटलंच. आता स्वतःच्या बाबतीत हो म्हणू? कुठल्या तोंडानं?"

सुनेला रडू आलं आणि रागही आला. राग कोणावर काढायचा ते मात्र कळेना. नियमावर काढावा तर तो केव्हाच बदलला होता. फक्त इकडे येऊन सांगितलं नव्हतं कोणी. ती उठली आणि तेलाचा डबा घेऊन बसली. जेवणाच्या वेळेपर्यंत मग दोघींची बटणं बरीच झाली.

साहेब आला तो तसाच, स्कूटरवरून, खांद्याला पिशवी, खिशाला पेन, आणि घामासाठी मानेशी रुमाल. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्यानं इस्त्री उचलली, आठवण होऊन हळूच खाली ठेवली, आणि धावत पुढे गेला.

"बटणघर ना साहेब? या. आहे. केव्हापासूनच आहे."

साहेबानं त्याला ओळखलं. "गेल्या वेळी तुम्हीच म्हणालात असं काही नाही."

"गेल्या वेळी खोटं बोललो, साहेब. आता खरं बोलतोय."

"आता खरं बोलताय कशावरून?"

याची तालीम झालेली नव्हती. इस्त्रीवाल्यानं थोडा विचार केला. "लेथचा आवाज येतोय बघा," तो म्हणाला. "तो बंद करणं माझ्या हातात होतं. केला नाही."

वरून मावशींनी न विचारताच सांगितलं की आमचे मिस्टर घोरत नव्हते. साहेबानं मान वर करून बघितलं. हे नक्की कोणत्या रकान्यात बसतं ते त्याला कळलं नसावं.

आत लेथ चालू होता. नवऱ्याच्या अंगावर चक्क धुतलेला शर्ट होता आणि बघणाऱ्याला वाटावं, लाकूड त्यानं आजच पहिल्यांदा हातात धरलंय. ड्रम फिरत होता. साहेबानं लेथ पाहिला, ड्रिल पाहिलं, मोटरवरचा आकडा टिपला, दारावरचा नवा बोर्ड टिपला. मग तो सासूबाईंकडे वळला. त्या पोत्यांवर बसल्या होत्या. गोधडी सुनेनं सकाळीच माळ्यावर टाकली होती, तरी त्यांचा हात गोधडी चाचपत होता.

"मालक तुम्ही?" साहेबानं विचारलं. "ही पेढी तुमची का?"

सासूबाईंना खोकला आला.

सून भिंतीला टेकून उभी होती. तिच्या मनात आलं, आपण बोलून टाकावं, आई जरा आजारी असतात म्हणावं. आणि हे वाक्य कुठून आलं ते लक्षात येऊन तिनं ओठ मिटून घेतले.

साहेबानं खोकला संपेपर्यंत वाट पाहिली. तसा तो वाईट माणूस नव्हता. "तुम्ही सांगितल्याशिवाय मला लिहिता येत नाही हो आजी," तो म्हणाला. "गेल्या वेळी तुम्हीच नाही म्हणालात."

"आधी दुसरं एक लिहा," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"माझे यजमान बटणं करायचे. हा लेथ त्यांनी बसवलेला. ते लिहा."

साहेबानं कागद खालीवर बघितला. "ते हयात आहेत का?"

"नाहीत."

"मग त्यांच्यासाठी इथे रकाना नाही."

"रकाना नसेना का. कागदावर जागा आहे ना?"

साहेबानं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं सवयीनं 'बघू' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. सुनेकडे बघितलं, तर ती पदरानं नाक पुसत होती. मग त्यानं सुस्कारा सोडला आणि खाली, जिथे शेरा म्हणून दोन ओळी रिकाम्या असतात, तिथे लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "व्यवसाय मालकाच्या दिवंगत पतीनं सुरू केला. ते बटणं करत. झालं?"

"बटणं करत," सासूबाईंनी पुन्हा म्हटलं, जणू चव बघितली. मग त्या पोत्यांवरून उठल्या. सरकारी माणसासमोर त्या उठून उभ्या राहिल्याचं या घरात कोणी पाहिलं नव्हतं. गुडघे कुरकुरले, पण उठल्या, ड्रिलशी जाऊन बसल्या, एक चकती लावली आणि दांडा खाली ओढला. चार भोकं पाडली, पॉलिशपेपर मारला, आणि बटण साहेबाच्या तळहातावर ठेवलं.

"आता माझं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "पेढीच्या पुढे."

साहेबानं लिहिलं, सही घेतली, बटण खिशात टाकलं आणि निघाला. दारात तो सुनेला म्हणाला की क्रमांक आठवड्याभरात येईल, आणि जमलं तर बोर्डवर जरा मोठी अक्षरं घ्या. ती हसली. हसताना पुन्हा रडू आलं, तेव्हा ती तेलाच्या डब्याचं झाकण उगाचच घट्ट करत बसली.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पत्र्यावर इस्त्री वाजली. दोनदा.

बिचाऱ्या इस्त्रीवाल्याचा तरी काय दोष. त्याला खांद्याला पिशवी असलेला एक माणूस भराभर आत येताना दिसला आणि हातानं डोक्याला विचारलंच नाही. आत नवऱ्याच्याही हातानं विचारलं नाही. मोटर बंद झाली, चादर उडाली आणि लेथवर पडली. सून स्वतः पोत्यांवर जाऊन बसली होती. आपण तिथे कशा पोचलो, ते तिला आठवत नव्हतं.

दारात साहेबच होता, धापा टाकत.

"माझं पेन राहिलं का इथे?" त्यानं विचारलं.

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं.

"पेन?" त्या म्हणाल्या. "म्हणजे लिहायला असतं ते?"

साहेबाचा चेहरा पडला. त्यानं चादरीकडे बघितलं, बंद मोटरकडे बघितलं, पोत्यांवर बसलेल्या सुनेकडे बघितलं. सासूबाई विचार करत होत्या. नेहमी करायच्या तेवढाच वेळ, आणि नेहमी करायच्या तशाच, मान एका बाजूला करून. पेन ड्रिलच्या टेबलावर, गोळ्यांच्या डबीशेजारी पडलेलं सगळ्यांना दिसत होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "इथेच आहे."

हो त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की वर मावशींनाही ऐकू गेलं. मग त्यांनी पेन उचलून त्याच्या हातात दिलं, आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "चादर काढ ती. चालू कर."